पोलादपूर ते म्हसवड

महाराष्ट्राच्या नकाशावर पोलादपूर आणि म्हसवड या दोन गावांना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर ती दीडशे किलोमीटरही भरत नाही. पोलादपूर सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या काठी. म्हसवड माणदेशात, माणगंगेच्या काठी. मधे आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वर लागतं, मग पाचगणी, मग पसरणीच्या घाटानं उतरून वाई, पुढे सातारा, पुसेगाव, दहिवडी. एसटीनं सकाळी निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत पोचतो. तेवढ्या वेळात तो जितक्या प्रकारच्या रानांतून जातो, तितकी रानं पाहायला युरोपात दोन-तीन देश ओलांडावे लागतील.

या रेघेवरचा पाऊस आधी पाहू. पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. महाबळेश्वरात साडेपाच ते सहा हजार. तिथून पाचगणी एकोणीस-वीस किलोमीटरवर, पण पाऊस जेमतेम एक-तृतीयांश उरतो. वाईला तो हजाराच्याही खाली येतो आणि म्हसवडला पोचेपर्यंत पाचशेच्या आसपास घुटमळतो, तोही आला तर. समुद्रावरून येणारे ढग डोंगराच्या भिंतीवर चढताना थंड होतात आणि पाणी टाकतात. पलीकडे उतरताना त्यांच्यात टाकण्याजोगं फारसं उरत नाही. हे आपण शाळेत शिकलो आहोत. शाळेत न शिकवलेली गोष्ट अशी, की या सगळ्या प्रवासात पायाखालचा मूळ खडक बदलतच नाही.

तो खडक म्हणजे बसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचत गेले आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं दख्खनचं पठार तयार झालं. पोलादपूरचा कडा, महाबळेश्वरचा माथा आणि म्हसवडचा माळ ही एकाच घरातली भावंडं. त्यामुळे ही रेघ अभ्यासकाला फार सोयीची आहे. खडक तोच, पाऊस तेवढा बदलतो. मग रानात जो फरक दिसतो त्याचं कारण पावसात आणि पावसानं त्या खडकाची जी माती केली तिच्यात शोधायचं.

बसाल्टमध्ये लोह, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि सिलिका असते. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि ते या खडकाला सावकाश विरघळवत राहतं. जिथे पाऊस प्रचंड आणि निचरा चांगला, तिथे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आधी वाहून जातात आणि पाठोपाठ सिलिकाही जाते. मागे उरतात ते न विरघळणारे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. हवेशी संयोग होऊन लोह तांबडं पडतं. लाखो वर्षं हे चाललं की खडकाच्या माथ्यावर तांबूस, भोकाभोकांचं, वरून कठीण झालेलं एक कवच तयार होतं. हाच जांभा. कोकणातली घरं ज्या चिऱ्यांची, तो हा. जांभ्याच्या खाली बहुधा पांढुरक्या-पिवळ्या चिकणमातीचा थर असतो, कोकणात तिला शेडी म्हणतात. जांभ्यातून झिरपलेलं पाणी शेडीवर अडतं आणि आडवं वाहत डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, खालच्या वाड्यांना पाणी असतं ते यामुळे.

पूर्वेला याच्या उलट घडतं. पाऊस इतका कमी, की खडकातून सुटलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कुठे जात नाही. सखल भागात ते साचतं, आणि त्यांच्या सोबतीनं एक विशिष्ट प्रकारची चिकणमाती तयार होते. मॉन्टमोरिलोनाइट हे तिचं शास्त्रीय नाव, आपण तिला काळी म्हणतो. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आक्रसते आणि फाटते. उन्हाळ्यात काळीला पडणाऱ्या भेगांत हात जातो, काही भेगा पुरुषभर खोल असतात. खणताना मधेच चुनखडीचे पांढरे खडे लागतात, ते पावसानं वाहून न नेलेलं कॅल्शियम. एकाच आईची ही दोन लेकरं, एकात चुन्याचा कण नाही आणि दुसऱ्यात चुना उतू जातो.

इथे एक गुंता आहे आणि तो मला फार आवडतो. पाचगणीचं टेबललँड जांभ्याचं आहे. पण आज पाचगणीला जेवढा पाऊस पडतो तेवढ्यात इतका जाड जांभा तयार होणं अवघड. म्हणजे तो आजच्या पावसाचा नाही. सह्याद्रीची आजची उंची आणि आजचा पर्जन्यछायेचा प्रदेश घडण्यापूर्वीच्या, फार जुन्या, उष्ण आणि ओल्या काळात तो बनला. नंतर नद्यांनी आजूबाजूचा मऊ खडक कोरून नेला आणि कठीण टोपी घातलेले माथे तेवढे उरले. त्या टोपीवर आज जी झाडं-गवतं येतात त्यांना आजच्या हवेशी जमवून घ्यावं लागतं आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हवेनं बनवलेल्या जमिनीशीही. ‘हवामान बदललं की वनस्पती बदलतात’ हे वाक्य म्हणून अर्धंच खरं. जमीन सावकाश बदलते, आणि कधीकधी बदलतच नाही.

आता रेघेच्या पश्चिम टोकापासून निघू. पोलादपूरच्या आसपासचं रान पानगळीचं, पण ओलसर. ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, मधूनमधून साग. घाट चढताना उतारांवर कारवी दाटते, सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी आणि फुलून मरणारी. उभ्या उतारावरची माती धरून ठेवण्याचं काम ती फार चोख करते. माथ्यावर पोचलं की चित्र पालटतं. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचं सदाहरित रान सुरू होतं. फांद्यांवर शेवाळं, नेचे, आमऱ्या. पण इथली झाडं पाहून बाहेरचा वनस्पतिशास्त्रज्ञ बुचकळ्यात पडतो. सहा हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे जगातल्या बहुतेक दाट वर्षावनांपेक्षाही जास्त. तरी झाडं ठेंगणी, वाकडी, बरीचशी वीस-पंचवीस फुटांवर थांबलेली. असं का?

वारा आणि माथ्यावरची उथळ माती ही कारणं आहेतच. पण मुख्य कारण पावसाच्या आकड्यात नाही, दिनदर्शिकेत आहे. महाबळेश्वरचा पाऊस जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यानंतर सात-आठ महिने जवळजवळ कोरडे. केरळच्या दक्षिण टोकाला अगस्त्यमलईच्या डोंगरांत याहून कमी पाऊस असलेल्या जागांवरही प्रचंड उंचीची वर्षावनं आहेत. तिथे वळवाचा पाऊस लवकर येतो, मग नैर्ऋत्य मोसमी, मग परतीचा ईशान्य मोसमी. खरे कोरडे महिने दोन-तीनच. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याँ-पिएर पास्काल यांनी पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलांचा जो अभ्यास केला, त्यात हे ठळकपणे दिसतं. दक्षिणेकडून उत्तरेकडे यावं तसे कोरडे महिने वाढत जातात आणि एकेक सदाहरित जात मागे पडत जाते. महाबळेश्वरपर्यंत पोचलेली झाडं म्हणजे त्या लांबलचक गाळणीतून उरलेली, आठ महिन्यांची तहान सोसणारी मंडळी. वनस्पतीला वर्षाची बेरीज कळत नाही. तिला मार्चमध्ये मुळाशी ओल आहे की नाही एवढंच कळतं.

याच भागात देवरायांचा उपयोग होतो. देवराई ही श्रद्धेची जागा आहे, पण जाणत्याला ती मोजपट्टीही आहे. आजूबाजूचा डोंगर तोडून, राबासाठी फांद्या छाटून, जाळून उघडा झालेला असतो आणि मधे दोन-चार एकरांत एकदम काळोखं, वेलींनी गुंतलेलं रान उभं असतं. तेच ऊन, तोच पाऊस, तीच माती. म्हणजे या उघड्या डोंगराला काय होता आलं असतं याचं उत्तर देवराईत सापडतं. 1970च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा जो अभ्यास केला, त्याचं मोल मला यासाठीही वाटतं. घाटमाथ्यावरच्या एखाद्या उतारावर झाडं लावायची असतील तर कोणती, हे शेजारच्या देवराईला विचारावं. रोपवाटिकेला विचारू नये.

मात्र हे उत्तर घाटमाथ्यावरच्या सगळ्या जागांना लागू पडत नाही, आणि इथेच बहुतेकांची गाडी चुकते. देवराईपासून हाकेच्या अंतरावर जांभ्याचा सडा असतो. त्यावर एकही झाड नसतं. कुणी तोडलं म्हणून नाही. तिथे झाड कधी नव्हतंच.

साताऱ्याच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे बाराशे मीटर उंचीवर कास आहे. सप्टेंबरात तिथे गेलेला माणूस फुलं पाहून येतो. त्यानं एप्रिलमध्येही एकदा जावं असं मी सुचवीन. करपलेला, तांबूस-काळा कातळ, दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. माती कुठे दोन बोटं, कुठे चार, बऱ्याच जागी मुळीच नाही. हाच कातळ जूननंतर पाण्याखाली जातो. जांभ्याच्या खोलगटात पाणी साठतं, उथळ मातीचा चिखल होतो आणि तो चार महिने चिखलच राहतो. झाडाच्या बीला इथे दोन मरणं आहेत: पावसाळ्यात मुळं गुदमरून कुजतात आणि त्यातून वाचलं तर उन्हाळ्यात वाळून जातात. खाली मुळं घालायला जागा नाही, त्यामुळे तिसरा मार्ग नाही.

मग इथे जगतं कोण? ज्यांना उन्हाळा भेटतच नाही ते. बरीचशी फुलझाडं वर्षायू: जूनमध्ये उगवायचं, सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलून बी टाकायचं आणि संपायचं. उन्हाळाभर असतं ते फक्त बी. दुसरी जमात कंदवाल्यांची. कंदीलपुष्पं, हबेआमऱ्या कातळाच्या फटीत कंद दडवून आठ महिने झोपतात. ऑगस्ट-सप्टेंबरात पठारावर जे रंगांचे पट्टे दिसतात तेही नुसती शोभा नव्हे, जमिनीचा नकाशा असतो. पाणी साचून राहतं तिथे गेंदाचे पांढरे गोंडे. ओलसर, उथळ मातीत सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झाक. माती थोडी खोल आणि निचऱ्याची, तिथे तेरडा. कडेला, जिथे माती साठलेली असते, तिथे टोपली कारवी. दोन पावलांवर वस्ती बदलते, कारण दोन पावलांवर मातीची जाडी बदलते.

सीतेची आसवं ही वनस्पती दिसते नाजूक, पण ती मांसाहारी आहे. मातीखाली तिच्या बारीक फुगीर पिशव्या असतात आणि त्या ओल्या मातीतले सूक्ष्म जीव आत खेचून घेतात. तिच्या शेजारीच दवबिंदू, ज्याच्या पानांवरच्या चिकट थेंबांना किडे अडकतात. ही चैन नाही. जांभ्यातलं सगळं पोषण पावसानं लाखो वर्षं धुऊन नेलेलं आहे, नत्र आणि स्फुरद नावापुरते. मातीत मिळत नाही ते किड्यांकडून घ्यायचं. अशा जागी खत टाकलं तर काय होईल? तिथे एरवी न टिकणारी दांडगी गवतं आणि तणं येतील आणि या कंगालपणावर पोसलेल्या वनस्पती हटतील. सड्याची श्रीमंती त्याच्या दारिद्र्यावर उभी आहे.

शिवाय प्रत्येक सडा हे एक बेट आहे. मधे दऱ्या, दऱ्यांत जंगल. एका सड्यावरची, ऊन लागणारी वनस्पती जंगलाची सावली ओलांडून दुसऱ्या सड्यावर सहजी जात नाही. म्हणून काही जाती अतिशय थोड्या जागीच सापडतात. वायतुरा ही पाण्याच्या डबक्यांतली वनस्पती 1982 साली विज्ञानाला माहीत झाली आणि तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव आहे. कास आणि आसपासची मोजकी पठारं हेच तिचं जग. रत्नागिरी-राजापूरकडच्या खालच्या सड्यांवर पहिल्या पावसानंतर दीपकाडीची पांढरी फुलं येतात, ती कोकणाखेरीज कुठे मिळत नाहीत. या कातळसड्यांचा नेटानं अभ्यास करणाऱ्यांत अपर्णा वाटवे यांचं नाव आवर्जून घ्यावं लागेल. सरकारी दप्तरात ज्यांची नोंद पडीक अशी होती त्या जागांवर काय काय आहे, हे त्यांच्यासारख्यांनी मोजून दाखवलं.

2012 साली पश्चिम घाटातल्या 39 स्थळांना युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कास आहे, कोयना, चांदोली आणि राधानगरीही आहेत. त्यानंतर कासवर लोटलेली गर्दी, तिला आवर घालण्यासाठी लावलेली रोजची मर्यादा आणि तिकीट, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून बोलकी वाटते ती कुंपणाची गोष्ट. फुलं वाचवावी म्हणून पठाराला जाळीचं कुंपण घातलं गेलं. माणसं अडली, त्याबरोबर गुरंही अडली. पण गुरं उंच गवत खात होती, आणि ठेंगण्या फुलझाडांना ऊन मिळत होतं ते त्यामुळे. चराई थांबल्यावर गवत माजू लागल्याच्या आणि फुलं उणावल्याच्या तक्रारी आल्या, वाद झाले आणि शेवटी ते कुंपण काढण्यात आलं. कासच्या फुलांना राखणदार हवाच होता, पण त्याच्यासोबत काही म्हशीही हव्या होत्या.

कासला निदान लोकांचं प्रेम मिळालं. कोल्हापूरच्या बाजूच्या सड्यांखाली बॉक्साइट आहे, म्हणजे जांभ्यातलंच साचलेलं अ‍ॅल्युमिनियम. तिथे खाणी झाल्या. कोकणातले सडे सुरुंग लावून फोडले जातात, खड्ड्यांत बाहेरून आणलेली माती भरतात आणि हापूसची कलमं लावतात. हापूसविरुद्ध बोलण्याची माझी हिंमत नाही. पण ज्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं कोरलेली आहेत आणि ज्याच्या भेगांतून खालच्या विहिरींना पाणी जातं, त्याला ‘रिकामी जागा’ समजून फोडताना थोडं थांबायला हरकत नसावी.

पाचगणीवरून पसरणीचा घाट उतरताना रान भराभरा कोरडं होतं. पळस, सावर, मोई, खैर. वाई ओलांडली की डोंगरांवर गवतच अधिक. आणि साताऱ्याच्या पूर्वेला तो प्रदेश सुरू होतो ज्याला बहुतेक प्रवासी खिडकीतून पाहून ‘इथे काहीच नाही’ म्हणतात.

माणदेशातल्या कुठल्याही गावाच्या टेकडीवर उभं राहून खाली नदीपर्यंत चालत जावं. माथ्यावर मुरूम उघडा पडलेला, माती वीतभरही नाही. ही बरड. तिथे कुसळी, डोंगरी यांसारखी गवतं आणि एखादं खुरटं झुडूप. जरा खाली उतारावर माती दोन वितींची होते: तरवड, बोर, हेकळ, मधूनमधून छत्रीसारखा पसरलेला हिवर. गवतात पवन्या आणि मारवेल मिसळू लागतात. सखलात काळी सुरू होते, तिथे बाभळी. नदीच्या काठी गाळाचा पोयटा, तिथे करंज, उंबर, जांभूळ. पाऊस सगळ्या टेकडीवर सारखाच पडलेला असतो. पण माथ्यावर पडलेलं पाणी आणि माती दोन्ही खाली वाहत आलेली असतात. पावसानं पूर्व-पश्चिम दीडशे किलोमीटरांत जे केलं, तेच उतारानं इथे दीड किलोमीटरात केलेलं दिसतं. शेतकऱ्याला हे पाठ असतं. बरड, मुरमाड, काळी, चोपण, चिबड अशी त्याची जमिनीची वर्गवारी कित्येक सरकारी नकाशांपेक्षा बारीक असते.

काळीत झाडं कमी का, हा प्रश्न रास्त आहे. ती सुपीक आहे, ओल धरते. पण तिच्या फुगण्या-आक्रसण्यात कोवळी मुळं तुटतात, आणि धरलेली बरीचशी ओल तिचे बारीक कण सोडतच नाहीत. बाभळीसारखं चिवट झाड तग धरतं. गवताला मात्र अडचण येत नाही. त्याची बारीक मुळं वरच्या थरात दाट जाळं विणतात, पहिल्या पावसाचं पाणी झाडाआधी पितात, आणि त्याचा कोंब जमिनीलगत असतो. वरचा पाला गुरांनी खाल्ला, वणव्यात जळाला, वाळला, तरी जूनमध्ये ते पुन्हा फुटतं. पाचशे मिलिमीटर पाऊस, आठ कोरडे महिने, उथळ मुरूम किंवा फाटणारी काळी, सोबत चरणारी जनावरं: या हिशोबात गवत जिंकतं आणि झाडं विखुरलेली राहतात. दख्खनच्या पठारावरच्या या गवतांच्या समुदायाला शास्त्रात पवन्या आणि मारवेल यांच्याच शास्त्रीय नावांनी ओळखतात; दबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 साली भारतातल्या गवताळ प्रदेशांची जी विभागणी केली, तीत हा एक मोठा प्रकार आहे.

पण वनखात्याच्या पोथीत माळाला स्वतःचं घर नव्हतं. चॅम्पियन यांनी 1936 साली आणि पुढे चॅम्पियन व सेठ यांनी 1968 साली भारतातल्या वनांचं जे वर्गीकरण केलं, तेच आजही सरकारी कामात वापरलं जातं. त्यात अशा काटेरी, गवताळ जागा बहुधा ‘मूळचं जंगल बिघडून झालेल्या’ म्हणून धरल्या गेल्या. बिघडलेलं असेल तर दुरुस्त करायला हवं, आणि दुरुस्ती म्हणजे झाडं लावणं. त्यात इंग्रजी महसूल-व्यवस्थेची भर: ज्या जमिनीवर सारा नाही, ती पडीक. 1985 साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालं. 1988च्या वन धोरणानं देशाच्या एक-तृतीयांश जमिनीवर वनाच्छादनाचं लक्ष्य ठेवलं. महाराष्ट्रात 2019च्या पावसाळ्यात 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट जाहीर झालं. इतक्या झाडांना जागा कुठे? शेतकऱ्याचं शेत देता येत नाही, जंगलात आधीच झाडं आहेत. उरतो माळ.

माळ खरंच बिघडलेलं जंगल आहे का? अलीकडे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी याचं उत्तर शोधायला एक अनपेक्षित वाट धरली. पश्चिम महाराष्ट्राविषयीच्या जुन्या मराठी वाङ्मयात आणि लोककथांत, अगदी तेराव्या शतकापासूनच्या, कोणत्या रानवनस्पतींचे उल्लेख येतात ते त्यांनी गोळा केले. 44 जातींचे उल्लेख सापडले आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जाती उघड्या, गवताळ, विरळ झाडांच्या प्रदेशातल्या निघाल्या. इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून इथे माळच होता. ज्या मुलखात धनगरांचे देव उघड्या टेकड्यांवर आणि हिवराच्या सावलीत बसलेले, त्या मुलखात हे कळायला शोधनिबंध लागावा याची गंमत वाटते, पण सरकारी फायलीला शोधनिबंधच लागतो.

माळावर झाडं लावली की नेमकं काय होतं? लावली जातात ती बहुधा देशी नसतातच. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ. पटकन वाढणारी, आणि सुबाभूळ सोडली तर गुरं ज्यांना सहसा तोंड लावत नाहीत अशी. बरीच रोपं दोन उन्हाळ्यांत मरतात, तेव्हा नुकसान फक्त पैशांचं आणि खड्डे खणताना उसकटलेल्या गवताचं. खरं नुकसान जगलेल्या रोपांचं. त्यांची सावली उन्हाळू गवताला सोसत नाही, आणि गवतावर जगणारे जीव निघून जातात. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक पक्षी यांना मोकळं रान लागतं, दूरवर नजर जावी लागते. माळढोकाचं उदाहरण सगळ्यांत करुण. सोलापूर-नगर भागात 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र तब्बल 8,496 चौरस किलोमीटर; त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. लोक वैतागले, पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. दरम्यान उजनीचं पाणी फिरलं, ऊस आला, माळ नांगरले गेले. आज देशात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरल्याचं मानतात, त्यातले बहुतेक राजस्थानात. त्या अभयारण्यातला नान्नजचा माळ आहे, त्याच्या नावाचा पक्षी जवळपास नाही.

गवताळ माळ जो शिल्लक आहे, तोही मूळच्या माळाचा चांगला नमुना नाही. खोल काळीवरचं मारवेलाचं रान कधीच नांगराखाली गेलं. आज ‘माळ’ म्हणून उरलंय ते कुणालाच नको असलेलं मुरमाड. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी, सासवडकडचे काही पट्टे यांचं मोल म्हणून मोठं.

या सगळ्यात धनगरांचा विचार न करून भागत नाही. माणदेशातले मेंढपाळ दसरा-दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात धान्य मिळवतात आणि पावसाआधी परत येतात. कोकणातल्या पावसात मेंढरांचे खूर सडतात आणि त्याच वेळी पूर्वेच्या माळावर कोवळं गवत फुटलेलं असतं. पोलादपूर-म्हसवड ही आपली रेघ ते शतकानुशतकं चालत आलेत. बनगरवाडीसारख्या वस्तीची कहाणी व्यंकटेश माडगूळकरांनी सांगितली, तिची पार्श्वभूमीही हीच जमीन आणि हाच लहरी पाऊस. हा फेरा चालू असेपर्यंत माळाला विसावा मिळतो. वाटा अडल्या, खाचरांत प्लॉट पडले, माळावर रोपवन आणि कुंपण आलं की तीच मेंढरं उरलेल्या तुकड्यावर बारा महिने राहतात. मग मारवेल, पवन्या खुडले जातात, कुसळी माजते, पुढे तीही हटून नुसता मुरूम दिसू लागतो. जास्त चराईनं माळ बिघडतो हे खरंच आहे. पण तो बिघडायला मेंढपाळाचा हावरेपणा कारण होता की त्याची अडवलेली वाट, हे तपासून बोलावं.

माळ परत आणायचा तर काय करावं लागतं? गिरिपुष्प तोडायचं आणि त्याला फुटवा आला की पुन्हा तोडायचं. दोन-तीन पावसाळे चराई थांबवायची, मग पाळीपाळीनं सोडायची. वेडी बाभूळ आणि टणटणी मुळासकट काढायची. आणि गवत पेरायचं. अडतं ते इथेच. सरकारी रोपवाटिकेत काळ्या पिशव्यांतली लाखो रोपं मिळतात, पण स्थानिक पवन्या किंवा मारवेलाचं बी मागितलं तर ते मुश्किलीनं मिळतं. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तुरे पिकले आणि गळायच्या आत, हातानं ओरबाडून गोळा करावं लागतं. सगळे तुरे एकदम पिकत नाहीत, म्हणून त्याच माळावर दोन-तीनदा जावं लागतं. बरंच बी पोकळ निघतं आणि ताजं बी लगेच उगवतही नाही, ते काही महिने मुरू द्यावं लागतं. शिवाय कुठल्या माळाचं बी कुठे पेरायचं हेही पाहावं लागतं, कारण बरडीवरचं गवत काळीत टिकेलच असं नाही. वर्षअखेरीला अहवालात ‘लावलेल्या रोपांची संख्या’ असा रकाना असतो, गवतासाठी तो कोराच राहतो. हे काम करायची तयारी असलेला वनरक्षक मग त्या रकान्यात काय लिहायचं याच्या विचारात पडतो, आणि बहुतेक वेळा पुढच्या जूनमध्ये खड्डे खणायला माणसं लावतो.